कच्चेरीत गायकाचा हात बघा

कर्नाटक संगीताच्या मैफिलीला, म्हणजे कच्चेरीला, पहिल्यांदा जायचंय आणि काहीच माहीत नाही, काय वाचून जाऊ असं मला बरेच जण विचारतात. चेन्नईत राहते म्हटल्यावर डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक, मित्र सगळे हाच प्रश्न घेऊन येतात. मी सांगते काही वाचू नका, जा, बसा आणि गायकाचा उजवा हात बघा. राग ओळखता आला नाही तरी चालेल, तेलुगू तमिळ कळत नसलं तरी चालेल, पण तो मांडीवर पडणारा हात सोडू नका.

बहुतेक वेळा तो हात आदि ताल मोजत असतो. आठ मात्रा. पहिल्या मात्रेला मांडीवर टाळी, मग करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट, झाल्या चार. मग टाळी आणि हात उलटा, परत टाळी आणि परत हात उलटा, झाल्या आठ. की परत पहिल्यापासून. अडीच तासांतला बराचसा वेळ हे चक्र चालू असतं, गायिका डोळे मिटून कुठल्या कुठे गेलेली असते, गळा तिप्पट वेगाने धावत असतो, पण हात मात्र शांतपणे करंगळी, अनामिका, मधलं बोट. रूपक असेल तर दोन टाळ्या आणि एक उलटा हात, मिश्र चापू असेल तर सातचा ताल, तीन आणि चार असा तुटलेला, त्यात बोटं नाहीत नुसत्या टाळ्या.

हे एवढं महत्त्वाचं का, तर आपल्याला हिंदुस्थानीची सवय असते. तबलजी ठेका लावून देतो आणि आपण निर्धास्त होतो. तीनतालाचं ना धिं धिं ना चालू आहे, गवई कुठेही भटकू दे, तबल्याकडे कान दिला की आपण कुठे आहोत ते कळतं, सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की मान हलते. कच्चेरीत मृदंगावर असा ठेकाच नसतो!! मृदंगवाला गाण्याबरोबर चालतो, साहित्याची, म्हणजे गाण्याच्या शब्दांची, अक्षरं जशी पडतात तशी बोटं पडतात, ओळ संपताना एक छोटंसं वळण देतो, गायिका हळू झाली की एकदम बारीक होतो, कधी कधी पूर्ण थांबतो सुद्धा. मग ताल कुठे वाजतोय? कुठेच वाजत नाहीये. तो गायिकेच्या हातात आहे, व्हायोलिनवाल्याच्या डोक्यात आहे आणि समोर बसलेल्या लोकांच्या मांड्यांवर आहे. सगळ्यांनी मिळून धरलेला असतो तो. हे एकदा कळलं ना की आख्खी कच्चेरी वेगळी दिसायला लागते, माझं तर असंच झालं.

मला हे शिकवलं मैलापूरच्या एका सभेत शेजारी बसलेल्या एका मामींनी. इथे सभा म्हणजे संगीत संस्था आणि तिचा हॉल, आणि मामी म्हणजे नऊवारीसारखी मडिसार नाही पण कांजीवरम नेसलेली, हातात वही असलेली कुठलीही वयस्कर बाई. वहीत त्या प्रत्येक कृतीचं, म्हणजे रचनेचं, नाव, राग, ताल लिहीत होत्या. मी नुसती बसलेली बघून त्यांनी काही न बोलता माझा हात उचलून माझ्याच गुडघ्यावर ठेवला आणि आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवून मोजायला लागल्या. मध्ये एकदा मी चुकीच्या बोटावर गेले की मान हलवायच्या, बस. इंटरव्हल वगैरे नसतोच, त्यामुळे नावगाव विचारणं सगळं शेवटी झालं, "महाराष्ट्रमा? अभंग पाडुवीया?" म्हणजे अभंग म्हणतेस का. तोपर्यंत माझा हात आपोआप चालायला लागला होता.

दुसरी गोष्ट जी बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही ती म्हणजे रिहर्सल नसते. असलीच तर एखाद्या खास पल्लवीपुरती, म्हणजे एकच ओळ वेगवेगळ्या लयींत मांडायची त्यापुरती. गायिका आज काय गाणार हे व्हायोलिनवाल्याला आणि मृदंगवाल्याला बऱ्याचदा स्टेजवरच कळतं. तिने आलापनेची पहिली चार सुरांची ओळ घेतली की त्यांना राग कळतो, कृतीचा पहिला शब्द आला की ताल आणि उठाव, म्हणजे ओळ तालात कुठून सुरू होते ते, कळतो, आणि उठाव दर वेळी समेवर असतोच असं नाही, कितीतरी कृती समेनंतर दीड मात्रा सोडून उठतात. तेवढ्यात मृदंगवाल्याने बरोबर जागेवर हात टाकायचा असतो. म्हणून पहिली ओळ सुरू होताना मृदंगवाल्याचा चेहरा बघा, तो गायिकेच्या हाताकडे बघत असतो.

बसायची पद्धतही त्यासाठीच आहे. गायिकेच्या उजवीकडे मृदंग, डावीकडे व्हायोलिन, मागे तंबोरा (आता बऱ्याचदा इलेक्ट्रॉनिक, मला मनापासून आवडत नाही ते). घटम (मातीचा घडा) किंवा खंजिरा (छोटी डफली) असेल तर तो थोडा मागे. मृदंगाची उजवी पुडी, जिच्यावर कायमची काळी शाई असते ती, श्रोत्यांकडे. डाव्या पुडीला कच्चेरीच्या आधी ओला रवा थापतात, आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात तसंच. लवकर जाऊन पुढे बसलात तर हा कार्यक्रम बघायला मिळतो, थोडा रवा लावायचा, वाजवून बघायचं, थोडा काढायचा, परत वाजवायचं, खर्ज लागेपर्यंत.

आता या बसण्यावरून एक गोष्ट आठवली, ती सांगायलाच हवी. पळनी सुब्रमण्यम पिल्लै (१९०८–१९६२) डावखुरे होते. डावखुरा मृदंगवाला गायकाच्या उजवीकडे बसला तर त्याची शाईची पुडी श्रोत्यांकडे येत नाही, म्हणून त्यांना डावीकडे बसवायचं तर व्हायोलिनवाल्याने जागा बदलायची, आणि ते लोकांना नको असायचं. एवढ्या कारणावरून इतक्या मोठ्या वादकाला सुरुवातीला कच्चेऱ्या मिळणं अवघड झालं. मोठे गायक चेंबै वैद्यनाथ भागवतारांनी त्यांची बाजू घेतली, त्यांना आपल्या कच्चेरीत बसवलं. पुढे पळनी आणि दुसरे थोर मृदंगवाले पालघाट मणी अय्यर यांची नावं एका दमात घेतली जायला लागली. चेंबैंबद्दल मला जो आदर आहे तो त्यांच्या आवाजाइतकाच या गोष्टीमुळे आहे.

व्हायोलिनचं तर वेगळंच. आपल्याला वाटतं हे इंग्रजांचं वाद्य, इथे कसं काय? थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर यांनी ते शिकून घेतलं आणि कर्नाटक संगीतात आणलं, दोनशे वर्षं होऊन गेली. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचा वरचा गोल भाग पायाच्या घोट्यावर टेकवायचा, दुसरी बाजू छातीला. हात धरण्यातून मोकळा झाला की गमक खेचता येतात. व्हायोलिनवाला गायिकेच्या मागून सावलीसारखा येतो आणि ती थांबली की ती जागा आपल्या हाताने पुन्हा सांगतो. आलापना झाली की त्याला स्वतःची आलापना मिळते. ती साधारण गायिकेपेक्षा छोटी असते, आणि चांगला व्हायोलिनवाला त्या तीनचार मिनिटांत तिने न घेतलेली एखादी जागा दाखवून जातो, मग तीच वळून "भले" म्हणते.

मागच्या सीझनला ऐकलेली एक कांभोजी (हा राग) सांगते म्हणजे सगळं एकत्र येईल. मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तेव्हा चेन्नईत सकाळी आठपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे गाणं असतं, मैलापूर, टी नगर, आळवारपेट, एका दिवसात माणूस तीन कच्चेऱ्या करू शकतो. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर संगीत परिषद झाली, त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि या डिसेंबरच्या सीझनची सुरुवात तिथली. तर संध्याकाळची कच्चेरी, तरुण गायिका, वर्णम् झालं, गणपती झाला, दोन मध्यम कृती झाल्या, दीड एक तास होत आला आणि तिने म ग प ध सां अशी ओळ घेतली. माझ्या पुढच्या रांगेत चार पाच जणांनी एकदम "आहा" केलं. कांभोजी! आपल्या खमाजाच्या घरातली, पण इतकी झोकदार आणि वजनदार की खमाजची ठुमरी ऐकलेल्याला पटणार नाही ही त्याच कुळातली आहे. वीसेक मिनिटं नुसती आलापना, ताल नाही, हात शांत. मग थोर रचनाकार त्यागराजांची 'ओ रंगशायी' ही कृती उठली, आणि हात पडायला लागला, पण या वेळी प्रत्येक मोजणी दोनदा, करंगळी दोनदा, अनामिका दोनदा. दोन कळै म्हणतात त्याला, ताल तोच पण दुप्पट लांब, दुप्पट शांत.

कृती श्रीरंगमच्या रंगनाथाला उद्देशून आहे, मी हाक मारतोय तर ओ देऊन येत का नाहीस असं विचारलंय. चरणातल्या 'भूलोक वैकुंठम्' या ओळीवर येऊन ती थांबली आणि तिथे नेरवल सुरू झालं. कीर्तनकार निरूपणाला एकच चरण घेऊन त्यातून एकेक अर्थ काढत जातो ना तसंच, फक्त इथे अर्थ सुरांतून काढायचा. पण अट अशी की शब्द बदलायचे नाहीत आणि प्रत्येक शब्द तालातल्या आपापल्या जागेवरच पडायला हवा. चाल कितीही बदला, 'भूलोक' जिथे उठतं तिथेच उठायला हवं. आधी संथ, मग दुप्पट लयीत, व्हायोलिन उत्तर देतंय, आणि मृदंग इतका वेळ पाण्यासारखा खाली वाहत होता तो आता वर यायला लागला. मी हातावर ताल धरून बसले होते म्हणून मला कळत होतं की ती किती लांब जातेय आणि कशी परत येतेय, नाहीतर नुसतं छान छान वाटलं असतं.

मग स्वर. सा रे ग म म्हणत फिरायचं आणि परत त्याच 'भूलोक'च्या जागी येऊन टेकायचं. आधी एकेक आवर्तन, मग लांब, आणि मग कुरैप्पु, म्हणजे उतरवणं, तिने चार घेतले की व्हायोलिनने चार, मग दोन दोन, मग एक एक, मग अर्धं अर्धं, शेवटी एकेक तुकडा इकडून तिकडे उडतोय आणि हॉलभर हात मांड्यांवर पडतायत. शेवटचा मोठा स्वर संपून ओळ पकडली तेव्हा टाळ्या.

आणि तिने मृदंगवाल्याकडे हात केला. तनि आवर्तनम्, म्हणजे फक्त तालवाद्यांचं वादन. आणि, हे लिहिताना पण मला राग येतोय, अर्धा हॉल उठला.

का उठता हो? कॉफी मिळते नंतर. कॅन्टीनचा कीरै वडा कुठे पळून जात नाही. दीड दोन तास जो माणूस दुसऱ्याच्या गाण्याला सजवत बसला त्याला आता पंधरा मिनिटं स्वतःची मिळाली आहेत, आणि तेव्हाच खुर्च्यांचे आवाज, मोबाईल, दारातून येणारा उजेड. गायिका जागेवरून हलत नाही, ती पूर्ण वेळ हात वर करून सगळ्यांना दिसेल असा ताल धरून बसते, व्हायोलिनवाला पण धरतो. आणि आपण उठायचं?

तनिमध्ये काय होतं ते एकदा समजलं की कोणी उठणार नाही असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर. मृदंगवाला आधी एकटा वाजवतो, मग घटम. घटम म्हणजे साधा मातीचा घडा नव्हे, त्याची माती, जाडी, सूर सगळं ठरवून केलेलं असतं, मानामदुरैचे घटम वजनदार आणि कणखर आवाजाचे म्हणून नावाजलेले. आपल्याला घटम म्हटलं की विक्कू विनायकराम आठवतात, झाकीरभाईंबरोबरच्या 'शक्ती' या बँडमुळे. दोघांच्या एक दोन फेऱ्या होतात, मध्ये नडै बदलते, म्हणजे मात्रेचे चार भाग चालले होते ते तीन होतात, पाच होतात, हाताचा वेग तोच राहतो आणि आतलं गणित बदलतं. तुम्ही हात धरून बसला असाल तर पाचाचं तुमच्या चाराच्या सवयीला कसं घासतं ते अंगात जाणवतं. मग उतरवणं, सवाल जवाबासारखं, आणि मग दोघं एकत्र मोहरा (शेवटाकडे नेणारा ठरलेला बोल) आणि शेवटी कोर्वै.

कोर्वै म्हणजे आपल्या तिहाईची (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) मोठी बहीण. सोपं उदाहरण, आदि तालाच्या आठ मात्रा, प्रत्येकीचे चार भाग, ३२ झाले. 'तदिंगिणतोम्' हा पाच अक्षरांचा बोल. तो दोनदा म्हटला की दहा. हे दहा तीनदा घ्या आणि मधल्या दोन जागी एकेक भाग रिकामा सोडा, दहा, एक, दहा, एक, दहा. बरोबर ३२. गुडघ्यावर ताल धरून तोंडाने म्हणून बघा, दहाचे तुकडे कधी करंगळीच्या मध्येच पडतात कधी टाळीच्या अलीकडे, असं वाटतं की आता चुकणार, आणि शेवटचा 'तोम्' संपून पुढची टाळी नेमकी समेवर. खऱ्या कोर्वै यापेक्षा कितीतरी लांब आणि अवघड असतात आणि त्यांना बऱ्याचदा समेवर नाही तर त्या कृतीच्या उठावावर यायचं असतं, मग आख्खी कोर्वै तीनदा वाजवतात आणि तिसऱ्यांदा संपते तिथेच गायिका ओळ उचलते. त्या दिवशी ती 'भूलोक'वर उचलली गेली आणि बसून राहिलेल्या आम्ही लोकांनी एकदम ओरडून दाद दिली, त्या क्षणाला मृदंग, घटम, व्हायोलिन, गळा आणि आमचे हात सगळं एकाच ठिकाणी आलेलं होतं. हे रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही, मी खूप प्रयत्न केलाय, हेडफोन लावून ताल धरला तरी शेजारचा हात नसतो.

हे ताल गणिताचं प्रकरण अवघड म्हणून कितीतरी वर्षं बायकांना त्यापासून लांब ठेवलं होतं. राग, तानम् आणि मग एकाच ओळीची पल्लवी वेगवेगळ्या लयींत मांडायची, हे पुरुषांचं काम असं मानायचे. गायिका डी. के. पट्टम्माळ यांनी (१९१९–२००९) ते कच्चेरीत करून दाखवलं आणि लोक त्यांना पल्लवी पट्टम्माळच म्हणायला लागले. घटमवर सुकन्या रामगोपाल अशाच उभ्या राहिल्या. आज तरुण मुली मृदंग घेऊन स्टेजवर बसतात तेव्हा मला फार बरं वाटतं, आणि अजून फार थोड्या आहेत हेही दिसतं.

एक तक्रार साऊंडची. पालघाट मणी अय्यर माइकच्या विरोधात होते, माइकशिवाय कच्चेरी व्हावी असा त्यांचा आग्रह असायचा. आज एखाद्या सभेत गेलात तर मृदंगाचा माइक इतका वर असतो की बारीक काम सगळं धप धप होऊन जातं, मग वादक पण जोरातच वाजवतो, मग गायिका आवाज वाढवायला सांगते, असं चढतच जातं. छोटा हॉल, कमी माइक, शक्य असेल तेव्हा तेच निवडा.

आता आपला म्हणजे मराठी माणसाचा या सगळ्याशी संबंध. त्यागराज (१७६७–१८४७) आयुष्याचा बहुतेक काळ जिथे राहिले ते तिरुवैयारू तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होतं. तंजावरच्या दरबारात मराठी कीर्तन पोचलं, त्यातून तिथली हरिकथा आकाराला आली आणि तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं आणि हातातल्या चिपळ्या अजून आहेत. आणि कच्चेरीच्या शेवटी, जड भाग संपला की ज्या हलक्या रचना गातात त्यात अभंग हमखास येतो. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री यांनी तो फार लोकप्रिय केला, या तिघीही मुंबईत वाढलेल्या, त्यामुळे उच्चारही आपल्या कानाला खटकत नाहीत. अभंग लागला की मृदंगवाला एकदम भजनी वळणावर येतो, जवळजवळ ठेकाच धरतो, आणि इतका वेळ मांडीवर गुपचूप चाललेले सगळे हात वर येऊन खुली टाळी वाजायला लागते. तमिळ आजोबा "विठ्ठल विठ्ठल" करत टाळ्या वाजवतायत आणि मी मराठी मुलगी त्यांच्यात बसलेय, मला दर वेळी भरून येतं, त्याला इलाज नाही.

तर यायचं असेल तर ख्रिसमसच्या आठवड्यात या, पण राहायची सोय आधी बघा. मोठ्या नावांची तिकिटं लवकर जातात, त्यांच्या मागे फार लागू नका. दुपारच्या वेळेला तरुण कलाकारांच्या कच्चेऱ्या असतात, बऱ्याच ठिकाणी फुकट, हॉल अर्धा रिकामा, पुढे बसता येतं, आणि उद्याची मोठी नावं तिथेच गात असतात. मुंबईकरांना तर चेन्नईलाही यायला नको, सायनचं षण्मुखानंद आहेच, माटुंग्याचे जुने रसिक तिथे भेटतात आणि त्यांच्याही मांड्यांवर हात चालू असतो. बसताना आपल्या डाव्या बाजूची पुढची जागा धरा म्हणजे मृदंगवाल्याचे हात आणि गायिकेचा ताल दोन्ही दिसेल. पहिली एक दोन गाणी नुसतं बघा, मग आदि ताल ओळखला की करंगळीपासून सुरू करा. चुकलात तर परत टाळीला पकडा, शेजारी एखाद्या मामी असतील तर त्या सांगतीलच. आणि तनिला बसून राहा.